गावभर पसरलेली येझदी

मनसारामभाऊंची येझदी मोटरसायकल बिघडलेली नव्हती. ती फक्त एका जागी नव्हती. सांगाडा, इंजिन, टाकी आणि चाकं त्यांच्या घरामागे मासेमारीची जाळी ठेवायच्या खोपीत उभी होती. उरलेली गाडी गावभर कामाला लागली होती.

आमचं गाव नागभीडच्या बाजूला, तलावाच्या काठी. आमच्याकडे चांगली वस्तू रिकामी बसलेली कोणाला बघवत नाही. गाडी बंद पडली की थोड्या दिवसांनी शेजारी चहाला येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि जाताना म्हणतो, "हॉर्न काई कामाचा नाई ना सध्या?" याला चोरी म्हणत नाहीत. गाडीच्या मालकासमोर, त्याच्याच पान्यानं, त्याचाच चहा पिऊन काढलेल्या वस्तूला चोरी कसं म्हणणार.

तर हॉर्न प्रणितच्या धानाच्या बांधीत होता आणि रानडुकरं हाकलत होता. हेडलाइट रुखमाबाईंच्या डोंग्याला, म्हणजे मासेमारीच्या छोट्या नावेला, बांधलेला होता. झिंगे उजेडाला येतात असं त्यांचं म्हणणं, आणि झिंग्यांचंही तसंच म्हणणं असावं. डायनॅमो पुनमच्या चहाच्या भट्टीला वारा घालत होता. डायनॅमोला बॅटरी जोडली की तो वीज करायचं सोडून स्वतःच फिरायला लागतो, तेव्हा पुनमनं त्याला पंख्याची पाती लावली होती. सीट मनसारामभाऊंच्या घरातच होती, पाहुण्यांसाठी. कॉइल तेवढी गाडीवर होती, कारण तिचं काय करावं हे कोणालाच सुचलं नव्हतं.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण दिवाळीच्या आधी गोकुळाबाईंच्या माहेरचा एक माणूस निरोप घेऊन आला.

गोकुळाबाई म्हणजे मनसारामभाऊंची बायको. माहेर वैनगंगेच्या पल्याड, आरमोरीच्या अंगाला. तरुणपणी मनसारामभाऊंनी त्यांना याच येझदीवर बसवून आणलं होतं. माहेरच्यांना विचारलं नव्हतं. विचारलं तर नाही म्हणतील याची खात्री होती, मग त्यांना कशाला त्रास द्यायचा. तेव्हापासून त्यांचा एकुलता एक भाऊ लटारू बोलत नव्हता. आई गेली, बाप गेला, तरी दार उघडलं नव्हतं.

माणूस अंगणात बसला आणि म्हणाला, "लटारूभाऊ मंडईले ये म्हणते बाई तुले. जावयाले घेऊन ये म्हणते."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि लेकीबाळी माहेरी जातात. गोकुळाबाई दर वर्षी मंडईच्या दिवसांत घरी मासे साफ करत बसायच्या. त्या दिवशीही तेच करत होत्या.

"पन एक आहे," माणूस म्हणाला. "ज्या गाडीवर गेली त्याच गाडीवर ये म्हणते. बस-फिसनं आली त दरवाजा लावून घेतो म्हणते."

मनसारामभाऊ म्हणाले, "त्याले म्हणा, गाडी बंद आहे."

"सांगतलं. तो म्हणे, मी बी बंदच आहे."

गोकुळाबाईंनी हातातला मासा पूर्ण केला, विळी धुतली, ती भिंतीला टेकवली आणि सरळ आमच्या घरी आल्या. माझ्या बहिणीला म्हणाल्या, "रंजीता, गाडीचं वायरिंग येते तुले?"

रंजीताताई आयटीआयची वायरमन आहे. आमचं मांडव-डेकोरेशनचं दुकान तीच चालवते. पंचक्रोशीत कुठल्याही लग्नात दिवे लागले असतील तर ते तिनं लावलेले असतात, आणि लागले नसतील तर ते दुसऱ्या कोणी लावलेले असतात. हे वाक्य तिचंच. नम्रता हा विषय आयटीआयच्या अभ्यासक्रमात नव्हता. मी दुकानात नेमकं काय करतो हे अजून ठरायचं आहे, सध्या टेम्पो चालवतो.

"मले काय येत नाई ते विचारा बाई," ताई म्हणाली. "लवकर संपन."

खोपीत जाऊन तिनं टाकीखाली हात घातला आणि मूठभर तांब्याची तार बाहेर काढली. वरचं प्लास्टिक उंदरांनी खाऊन टाकलं होतं. त्या खोपीत सुकटी वाळवायचे. इतकी वर्षं सुकटीचा वास मुरलेली वायर म्हणजे उंदरांच्या दृष्टीनं तोंडी लावणं.

"चांगलं झालं," ताई म्हणाली. "दुसऱ्याचं वायरिंग मले तसंही पसंत नाई."

मग तिनं जे केलं ते मी आयुष्यभर सांगत राहणार आहे. तिनं अंगणात बांबूची चटई अंथरली आणि त्यावर खडूनं मोटरसायकल काढली. टाकी, हँडल, चाकं, सगळं मोजून मापून. मग त्या चित्रावर नवीन वायरी टाकत गेली. मांडवातली वायर, त्यामुळे फक्त लाल आणि हिरवी. कुठली कशाची हे कळावं म्हणून टोकांना तिनं मण्यांच्या खुणा बांधल्या: कॉइलला काळा मणी, लाइटला पांढरा, हॉर्नला दोन. कोंबडी त्यावरून चालली तर कोंबडीला ओरडायची, "मेन लाइनवरून नको."

सुटे भाग गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. ठिणगीची वेळ साधणारे काँटॅक्ट पॉइंट चंद्रपूरला एका भंगारवाल्याकडे मिळाले. त्यानं ते तिजोरीत ठेवले होते आणि दाखवताना माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, जणू मुलगी दाखवतोय. सहा व्होल्टची बॅटरी मात्र मिळेना. एका दुकानदारानं विचारलं, "सहा व्होल्टची? काय करता, पूजा?" शेवटी ताईच म्हणाली, "घरीच आहे ना." वाढदिवसाच्या डेकोरेशनमध्ये आम्ही लहान पोरांना बसायला एक गुलाबी जीप देतो. तिची बॅटरी सहा व्होल्टची निघाली. त्या जीपमध्ये गावातल्या सगळ्या तीन वर्षांच्या माणसांनी गाडी चालवायचं शिक्षण घेतलं आहे.

मग गावातले भाग. मी आधी प्रणितकडे गेलो. तो बांधीतल्या मचाणावर हॉर्नचं बटण हातात धरून बसला होता.

"देतो," तो म्हणाला. "पन संग येतो. हॉर्न तिकडंच राह्यला त डुकरं काय माया आवाजाले भेतेत का?"

"एका दिवसाचं काम आहे बे."

"म्हून तर. संध्याकाळी हॉर्न वापस, अन् मी बी वापस."

रुखमाबाईंनी हेडलाइट नऊवारीच्या पदरानं पुसून दिला. "मी येतोच संग. माया लाइट कसा दिसते त पाहू दे गाडीवर." पुनम म्हणाला, डायनॅमोशिवाय भट्टी पेटत नाही, भट्टीशिवाय टपरी नाही, मग तो तरी गावात राहून काय करणार. अशा रीतीनं मोटरसायकलवर दोन माणसं आणि मागे तिच्या सुट्या भागांच्या मालकांचा एक टेम्पो, असं मंडईला जायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी ताईनं चटईवरच बॅटरी जोडली. गाडी नव्हती, गाडीचं चित्र होतं. तिनं बटण दाबलं, हॉर्न वाजला. सोडलं, थांबला. लाइट लागला. कॉइलनं चट्‌चट् ठिणगी टाकली. मनसारामभाऊ चित्राच्या सीटवर, म्हणजे चटईवर, हळूच टेकले. कोणी हसलं नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून त्या उजेडाकडे बघत होते आणि मला वाटतं तेव्हाच त्यांना पहिल्यांदा लटारूची भीती वाटली.

सकाळी सगळं गाडीवर चढलं. मनसारामभाऊंनी टाकीवर हात फिरवला, गाडीची ती खिळ्यासारखी किल्ली हेडलाइटच्या वर दाबली, आणि हॉर्न वाजायला लागला. बटण कोणी दाबलं नव्हतं. थांबायलाही तयार नव्हता. मनसारामभाऊंनी तशीच किक मारली. दुसऱ्या-तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं, निळा धूर निघाला, आणि त्या सगळ्यावर हॉर्न पोंऽऽऽ चालूच.

ताई वाकली, हॉर्नकडे एकदाच पाहिलं आणि प्रणितकडे वळली. "हे वायर तू आतून हॉर्नच्या बॉडीले जोडलं का बे?"

"खांबावर टिकत नव्हतं," प्रणित म्हणाला. "एक वायर कमी लागते."

भानगड अशी होती की गाडीत हॉर्नची एक वायर बटणातून जाऊन मग लोखंडाला टेकते. प्रणितनं त्याच्या सोयीसाठी ती हॉर्नच्या पाठीलाच जोडली होती. चटईवर काही फरक पडला नाही, कारण चटई बांबूची. पण हॉर्न गाडीच्या लोखंडाला कसला, आणि बटणाची गरजच संपली.

"सायकलचा ट्यूब आण," ताई मला म्हणाली. "मध्ये रबर टाकतो, दोन मिनिटाचं काम आहे." आणि टेम्पोतून डोकं काढून बघणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वायरिंगमध्ये काई चूक नाई."

मी ट्यूबचा तुकडा आणला. ती पाना लावणार तेवढ्यात गोकुळाबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. हॉर्नमुळे त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "राहू दे तसाच. जातेवेळी यानं गाडी वेशीपर्यंत ढकलत नेली होती. मी मांगून ढकलत होती. आवाज होऊ नये म्हून. माया आईले सकाळपर्यंत मालूम नाई झालं."

ताईनं पाना खाली घेतला.

"आता येऊन राह्यली त समजू दे गावाले," गोकुळाबाई म्हणाल्या आणि मागच्या सीटवर बसल्या.

ताईनं ट्यूबचा तुकडा माझ्याकडे दिला आणि हिशेब केला: एवढासा डायनॅमो, तो हॉर्न आणि ठिणगी दोन्ही पोसेल, पण लाइटसकट नाही. तिनं हेडलाइटचा बल्ब काढून रुखमाबाईंच्या हातात दिला.

"म्हंजे माया लाइट नुसता शोभेले?" रुखमाबाई म्हणाल्या. ब्रह्मपुरी येईपर्यंत त्या ताईशी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तरी ऐकू आलं नसतं.

तो प्रवास मी टेम्पोच्या काचेतून पाहिला. पुढे मनसारामभाऊ ताठ, त्यांच्या खांद्यावर गोकुळाबाईंचा हात, आणि सतत, एकाच सुरात, अखंड हॉर्न. समोरची जीप बाजूला झाली. ट्रक बाजूला झाला. एका गावात शाळेची पोरं रांगेत उभी राहून सलाम करू लागली, त्यांना वाटलं कोणीतरी मोठं चाललंय. मास्तरांनाही तसंच वाटलं. जंगलाच्या पट्ट्यात एक रानडुक्कर रस्त्याच्या कडेला आलं, थबकलं आणि आल्या पावली झुडपात घुसलं.

"वळखते," प्रणित अभिमानानं म्हणाला.

वैनगंगेच्या पुलावर गाडी एकदा खोकली. ताईनं डोळे मिटले. गाडी पुन्हा सुरात आली तेव्हा ती म्हणाली, "मालूम होतं मले."

गावात पोचायच्या खूप आधी आम्ही ऐकू गेलो होतो. अर्धी मंडई रस्त्यावर येऊन उभी होती. जिलेबीवाला झारा हातात घेऊनच आला होता. लटारूभाऊ त्यांच्या अंगणाच्या तोंडाशी उभे होते. नवा शर्ट, घड्या न मोडलेला. दार उघडं होतं, पण वाटेत ते होते.

मनसारामभाऊंनी किल्ली ओढली. हॉर्न थांबला. इतका वेळ वाजल्यावर ती शांतताही कोणीतरी मुद्दाम वाजवतंय असं वाटलं.

लटारूभाऊंनी बहिणीकडे पाहिलं नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टाकी ठोकली. सीट दाबली.

"हेच?"

"हेच," मनसारामभाऊ म्हणाले.

"लाइट काऊन बंद आहे?"

"पाहा," रुखमाबाई टेम्पोतून म्हणाल्या.

लटारूभाऊ मनसारामभाऊंच्या समोर येऊन उभे राहिले. दोघंही सारख्याच उंचीचे होते, वयानं सारखेच वाकलेले.

"कान इकडं कर," लटारूभाऊ म्हणाले.

रस्त्यावरच्या बायकांना आधी समजलं. कोणीतरी पदर तोंडाला लावला. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि माझ्या बहिणीला नीट ठेव असं बजावतो. तो त्याचा मान. लटारूभाऊंच्या वाट्याला लग्नच आलं नव्हतं, मग कान कुठून येणार. तो त्यांनी या सगळ्या वर्षांत मनात धरून ठेवला होता.

मनसारामभाऊंनी चष्मा काढून गोकुळाबाईंकडे दिला आणि मान पुढे केली. लटारूभाऊंनी कान धरला आणि पिळला. सावकाश, जुनी तोटी बंद करतात तसा, शेवटपर्यंत.

"माया बहिणीले नीट ठेवशीन?"

"ठेवीन ना भाऊ."

"आता किती ठेवतीन," गोकुळाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून नवा दुपट्टा आणि शर्टाचं कापड काढून नवऱ्याच्या हातात दिलं, भावाला द्यायला. कानपिळीचा अहेर. म्हणजे निरोप ऐकून विळी धुतली तेव्हाच त्यांना सगळं समजलं होतं. घरात कोणाशीच बोलल्या नव्हत्या.

लटारूभाऊंनी अहेर घेतला आणि मग बहिणीकडे पाहिलं. "बसनं आली असती त पाहुणी आली असती," ते म्हणाले. "बसमधून उतरलेल्या मानसाचा कान कसा पिळाव?" मग ते वाटेतून बाजूला झाले.

दुपारी जेवणं झाली. प्रणितनं आभाळाकडे पाहिलं आणि पाना मागितला. डुकरांना मंडईची सुट्टी नसते. गोकुळाबाईंनीच त्याला पाना आणून दिला. "नट हरवू नोको," म्हणाल्या. रुखमाबाईंनी हेडलाइट उतरवला, पुनमनं डायनॅमो. बॅटरी ताईनं स्वतः काढली, दुसऱ्या दिवशी एका पहिल्या वाढदिवसाचं बुकिंग होतं.

"बाई, घ्यायले कवा येऊ?" मी विचारलं.

गोकुळाबाई वहिनीबरोबर तांदळात खडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कोनाले घाई आहे?"

टेम्पो वळवताना मी आरशात पाहिलं. येझदी अंगणात उभी होती, हॉर्न नाही, लाइट नाही, डायनॅमो नाही. सीटवर लटारूभाऊ बसले होते, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून. मागे गोकुळाबाई येऊन बसल्या आणि त्यांच्या खांद्यावरून पुढे बोट दाखवून काहीतरी सांगू लागल्या. बाजूला मनसारामभाऊ लाल झालेला कान चोळत उभे होते. लटारूभाऊंना गाडी चालवता येत नव्हती. गाडी बंद होती, त्यामुळे ती त्यांना उत्तम चालवता येत होती.