भुशाची शेगडी

तिसऱ्यांदा जाळ विझला तेव्हा जमुनानं रॉकेलचा बोळा चिमट्यानं बाहेर ओढला. शेगडीच्या तोंडातून धुराची एक आळशी रेघ निघाली आणि तिला खोकला आला. तो बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात धरला.

"राहू दे वं, मी पेटवून देऊ का?" अंगणातून पंचफुलाताईंनी विचारलं.

"नाही ताई. पेटते आता."

ताई तिची थोरली नणंद. जमुना छातीच्या दुखण्यानं अमरावतीच्या दवाखान्यात पडून होती, ते सगळे महिने अकोल्याचं हे घर विधवा ताईंनीच सांभाळलं होतं. जमुना बरी होऊन आली, हातापायांत थोडी ताकद आली, आणि तिनंच नवऱ्याला म्हटलं होतं, "आता माह्यं मी पाहीन. ताईले किती दिस अडकवायचं?" बोलणं ताईंच्या सोयीचं वाटावं असं होतं. खरं कारण तिनं ओठांवर आणलं नव्हतं. तिची वच्छला अजून भूक लागली की आत्याकडे जायची, पडली की आत्याकडे जायची, झोपायचीही आत्याच्याच कुशीत.

आज सकाळच्या मोटरीनं ताई हिवरखेडला निघणार होत्या. जाण्याआधी त्यांना आपल्या हातचा चहा द्यायचा, असं जमुनाच्या मनात होतं.

ही शेगडी मात्र तिला नवी होती. तिच्या माघारी ताईंनीच ती घरात आणली होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध लाकडी दांडा उभा धरायचा, भोवती लाकूड चिरायच्या आरामशीनवरचा भुसा ठासायचा आणि दांडा हळूच वर काढायचा. मध्ये पोकळी राहते. खालच्या भोकातून जाळ लावला की ती पोकळीच तो वर ओढून घेते. ताईंनी तिला हे करून दाखवलं होतं. काल रात्री तर, "सकाळी तुले फक्त काडी लावायची राहीन," म्हणत शेगडी त्यांनी स्वतः भरून ठेवली होती.

जमुनानं वरून डोकावून पाहिलं. पोकळी सरळ होती, भुसा कुठे ढासळला नव्हता. भोकातून काटकी घातली, ती अडली नाही. वरचा भुसा चाचपला, तर खडखडीत कोरडा. मग तिनं खालच्या भोकातून दोन बोटं आत सरकवली आणि तशीच थांबली. तळाचा भुसा ओलाकिच्च होता.

तिनं शेगडी घमेल्यात उलटी केली. तळाचा थर गोळा होऊन पडला. कोपऱ्यातल्या भुशाच्या पोत्यात तिनं पार बुडापर्यंत हात घातला. पोतं कोरडं होतं. छपराला गळती नव्हती, मोरी दूर होती. पाणी कुणीतरी ओतलं होतं, आणि ती शेगडी ताईंखेरीज कुणी हाताळली नव्हती.

तिचे कान तापले. ती तरातरा दारापर्यंत गेली.

अंगणात ताई वच्छलेची वेणी घालत होत्या. अंगावर प्रवासाचं लुगडं होतं. वेणी शेवटापर्यंत आली, त्यांनी ती न्याहाळली, सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतली.

"आत्या, झाली होती ना!"

"तिरपी झाली होती वं."

वेणी मुळीच तिरपी नव्हती.

जमुना चौकटीला धरून उभी राहिली. हिवरखेडचं ताईंचं सासर तिनं एकदाच पाहिलं होतं. दिराच्या त्या घरात ताई सगळ्यांच्या मागून, उरेल तेवढं जेवायच्या आणि गोठ्याला लागून असलेल्या पडवीत झोपायच्या. कसं चाललंय, असं तिनं विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "चांगलं हाय. गाई गरीब हायेत."

"झाला का चहा?" तिचा नवरा देवराव टोपी घालत बाहेर आला. "मोटर सुटन ना."

"शेगडी पेटून नाही राहिली," जमुना म्हणाली. "मले नाही जमत. ताईले म्हणा, राहा."

"राहा? किती दिस?"

"मले जमेस्तोवर."

तो बायकोकडे बघत राहिला. "काल तर तूच..."

"काल म्हटलं होतं. आज जमलं नाही."

ताई उठून आत आल्या. घमेल्यातल्या ओल्या गोळ्याकडे त्यांची नजर गेली आणि तिथंच राहिली. मान वर होईना.

"जमुना..."

"आरामशीनवाल्यानंच ओला देला असन," जमुना म्हणाली. "पोतं वाळवून घेऊ उन्हात."

खाली बसून ताईंनी दांडा उभा धरला आणि पोत्यातला भुसा ओंजळीनं भरू लागल्या. जमुनानं दांडा आपल्या हातात घेतला. दोघींनी मिळून शेगडी भरली. पहिल्याच काडीला जाळ वर आला.

मोकळ्या केसांनी वच्छला दारात आली. "आत्या, वेणी?"

ताईंनी आधण ठेवलं. मागे न बघता म्हणाल्या, "आईजवळून घालून घे. मले काम हाय."

पोर थोडा वेळ घुटमळली. मग आईपुढे येऊन पाठमोरी बसली.

"आत्या लय घट्ट घालते," ती म्हणाली.

जमुनानं केसांना हात लावला. "मंग तू सांग," ती म्हणाली, "किती घट्ट घालू."