चौतीस मिनिटं

"सुटलं हो, ताई. नऊ चौदा."

फोनवर पलीकडच्या विमानतळावरचे कारकून होते. त्यांना मी काका म्हणते. वेळ वहीत लिहिली. विमान आमच्या धावपट्टीला टेकलं तेव्हा नऊ अठ्ठेचाळीस झाले होते. म्हणजे चौतीस मिनिटं! मधलं अंतर दोनशे दहा किलोमीटर, आणि अकरा वर्षं या लहानशा विमानाला अडतीस मिनिटं लागत आलेली. आज मागून वारासुद्धा नव्हता. महिनाभर हेच चाललं होतं.

नियमाप्रमाणे मी उलट फोन केला. "पोचलं, काका."

"चला, जीव भांड्यात पडला," ते रोजच्यासारखं म्हणाले. त्या दिवशी मला तेही नाटकच वाटलं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मान्य. नवरा मला हवालदार म्हणतो. "विमान जोरात आलं असेल," तो म्हणाला.

"विमान तेच, पायलट तोच! काका जागेवर नसतात. चहा ढोसून येतात आणि सवडीने फोन करतात. चाकं सुटलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि तीच वेळ कळवायची, असा नियम आहे."

"चार मिनिटांसाठी हात धुवून मागे लागू नकोस बाई."

"उद्या विमान पोचलं नाही, तर कुठे शोधायचं ते याच वेळेवरून ठरतं."

हे खरंच होतं. पण मला लागलं होतं ते वेगळंच. अकरा वर्षं आम्ही रोज बोलत होतो, एकदाही भेटलो नव्हतो, आणि हा माणूस मला खुशाल बनवत होता. मी वरच्या ऑफिसात लेखी तक्रार धाडली. तरी चैन पडेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, त्यांना रंगेहाथ पकडायला सकाळच्या विमानात बसले. माझ्या घड्याळात बरोबर अडतीस मिनिटं झाली.

तिथे उतरल्यावर त्यांच्या खोलीच्या दाराशी, खांबाआड उभी राहिले. काका चहाला गेले नव्हते. कुंपण धरून उभे होते, मान तिरकी, एक कान धावपट्टीकडे. विमान डावीकडे वर चढलं. ते समोरच बघत होते. आवाज पार विरेपर्यंत हलले नाहीत. मग भिंतीला हात लावत, पाऊल चाचपत खोलीत आले, मनगटावरचं घड्याळ नाकाला टेकवलं आणि फोनची बटणं बोटांनी मोजत दाबली.

"सुटलं हो, ता... कोण बोलतंय? ताई कुठायत?" तिकडून माझ्या बदलीवरच्या माणसाने काहीतरी सांगितलं. "रजा? त्या कधी रजा घेत नाहीत हो. बरं नाही का त्यांना? घरी फोन करून विचारा जरा."

मी दोन हातांवर उभी होते. एक शब्द बोलले असते तरी त्यांनी मला ओळखलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"पकडलास का चोर?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं.

"तक्रार परत घेता येते का रे?"

"पुराव्यासकट पाठवलीस ना?"

महिनाभराच्या सगळ्या वेळा जोडल्या होत्या.

आठवड्याभराने फोनवर नवा आवाज आला. "टेक ऑफ, नऊ दहा."

"काका कुठे आहेत?"

"त्यांना घरी बसवलं. डोळे गेले होते म्हणे. वेळ लिहिलीत ना, मॅडम?"

विमान नऊ अठ्ठेचाळीसला उतरलं. अडतीस मिनिटं. वहीत आता कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी उलट फोन लावला.

"पोचलं," म्हटलं, आणि थांबले.

"ओके," म्हणून त्याने फोन ठेवला. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून बसले होते.