रोज पाच किलोमीटर

झुंबर पगारे बावीस वर्षं एका कारखान्यात बॉयलरचे आकडे तासातासाला वहीत भरत होते. एखादा तास डुलकीत गेला, की वरचाच आकडा खाली उतरवायचा, ही तिथली रीत. बॉयलरने कधी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती त्यांच्या हृदयाने. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत बारा किलो उतरवा, नाहीतर पुढच्या झटक्याला माझ्याकडे उपाय नाही. काय खाता, किती चालता, रोज लिहा." पगारेंना हायसं वाटलं. लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

तीन महिन्यांनी काट्यावर ते दोन किलो जास्तच भरले. वहीत मात्र रोज दोन भाकरी, काकडी आणि इंदिरानगरपर्यंत पाच किलोमीटर.

"अकरा तारखेलाही चाललात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो साहेब."

"त्या दिवशी तुम्ही इथंच सलाईन लावून पडला होता, पगारे."

सोबत आलेल्या सुलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मग रोज संध्याकाळी जात होतात कुठं?"

"कोपऱ्यावर. भजीच्या गाडीपाशी बाक आहे."

"आणि मी अख्ख्या चाळीत सांगत सुटले, हे किती चालतात म्हणून!"

डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. वही मिटून त्यांनी सुलाबाईंना बाहेर बोलावलं. परत आल्या तेव्हा त्या नवऱ्याशी एकदम गोड बोलायला लागल्या होत्या.

घरी येऊन पगारेंनी आजचं तरी खरं लिहावं म्हणून वही उघडली. जागाच नव्हती. रविवारपर्यंतचं चालणं आधीच भरून ठेवलेलं होतं.