न कुजणारी पिवळी फीत

मुलांनो, एक झाड मनात उभं करा. वाळुंजाचं, बुटकं, पाण्यावर ओणवलेलं. हिवाळा आहे, तेव्हा त्याला एकही पान ठेवू नका. आता त्याच्या फांद्यांना चिंध्या बांधा. चार-दोन नकोत, दिसेल ती फांदी भरून टाका. लाल, निळ्या, जांभळ्या फिती, बुटाची नाडी, कुणा तान्ह्याचा मोजा. झाडाखाली दगडांनी बांधलेली लहानशी विहीर आहे, तिचं पाणी काठावरून सारखं वाहतं आहे. झालं उभं? आता वारा सोडा. इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, तो वेगळा सोडावा लागत नाही. सगळ्या चिंध्या फडफडू लागल्या. त्यांत एक पिवळी फीत आहे, दहा वर्षांच्या मुलीचा हात पोचेल इतक्या उंचीवर. तिच्याकडे नीट बघा. मोर्वेनाही रोज तेच करत होती.

शाळा सुटली की बाकीची मुलं घरी जात. मोर्वेना चिखलाची पायवाट उतरून विहिरीवर येई, टाचा उंचावून फीत दोन बोटांत धरी आणि ओढून पाही. फीत तुटत नसे. रंगही उडत नसे. पाऊस, गारा, समुद्रावरून येणारं खारं वारं, सगळं सोसून ती दुकानातून आणल्यासारखी चमकत होती, आणि मोर्वेनाला नेमकं तेच नको होतं.

ती फीत तिनं मे महिन्यात आजोबांसाठी बांधली होती. रीत साधी होती. आजाऱ्याच्या नावानं कापडाची पट्टी विहिरीत बुडवायची, झाडाला बांधायची आणि घरी जायचं. कापड जसजसं कुजेल तसतसा आजार झिजेल. मोर्वेनाला आजोबांसाठी चांगल्यात चांगलं कापड हवं होतं. म्हणून वाढदिवसाच्या फ्रॉकची साटीनची फीत तिनं उसवून काढली. पुढे सप्टेंबरात शाळेची मुलं समुद्रकिनारा साफ करायला गेली, तेव्हा बाईंनी मासेमारीच्या जाळ्याचा एक तुकडा उचलून दाखवला. हे नायलॉन आहे, त्या म्हणाल्या, तुम्ही म्हातारे व्हाल तरी हे असंच राहील. मोर्वेनानं घरी येऊन फ्रॉकच्या आतलं लेबल वाचलं. त्यावरही नायलॉनच लिहिलं होतं.

तेव्हापासून तिला चैन पडेना. आजोबांचा खोकला वाढत चालला होता. जिना चढवेना म्हणून त्यांचा पलंग खालच्या खोलीत आणला होता. फीत काढून टाकावी, तर तिथलं दुसरं एक सांगणं तिला पाठ होतं: बांधलेली चिंधी जो सोडवील, त्याला तो आजार जडेल. इकडे आड, तिकडे विहीर. हे ती कुणाला सांगणार? आईला तर मुळीच नाही.

कारण तिची आई टेगन चेटकीण होती. हा शब्द टेगन स्वतःच वापरायची, मान ताठ ठेवून. बाजारात कुणी तो दबक्या आवाजात वापरला, तर ती म्हणायची, "मोठ्यानं बोला की, मला आवडतं." गावातल्या सात-आठ बायकांचं तिचं मंडळ होतं. ऋतू पालटला की त्या विहिरीवर जमत, दिवे लावत, जुन्या देवतांना हाका मारत. चर्च इथं येण्याआधी आपले पूर्वज जे करत होते तेच आपण करतो, असं टेगन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

जानेवारी सरत आला होता. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी ब्रीद देवीचा सण. टेगन आणि तिच्या मंडळातली रोवन स्वयंपाकघरात त्या सणाला दारावर टांगायचे लव्हाळ्यांचे क्रूस विणत बसल्या होत्या. मोर्वेना लव्हाळी निवडून देत होती. आजोबा शेगडीजवळ, पायांवर पांघरूण घेऊन, केशराचा बनपाव चहात बुडवून खात होते.

"सुझन," आजोबा म्हणाले, "साखरेचं भांडं सरकव जरा."

"जेगोकाका, माझं नाव आता रोवन आहे."

"रोवन हे झाडाचं नाव. तुझ्या बारशाचा केक मी खाल्लाय. त्यावर सुझन लिहिलं होतं."

रोवन हसली आणि भांडं सरकवलं. मग तिचा चेहरा बदलला. "टेगन, ती निसर्गवाली मंडळी सणाच्या दिवशीच येणार आहेत म्हणे. झाड मरायला टेकलंय, प्लास्टिकच्या फिती कापू द्या म्हणतात. तुझ्या परवानगीवर अडलंय सगळं."

"माझी कसली परवानगी? झाड काय माझं आहे?"

"पण तू नाही म्हणालीस तर हात लावणार नाहीत. आणि तू नाहीच म्हणायला हवं. चिंधी सोडवायची नसते. हजारो वर्षांचा नेम आहे तो."

आजोबांनी चहाचा घोट घेतला. "हजारो वर्षं कुणी मोजली?"

"बाबा," टेगन म्हणाली, "सुरू करू नका."

"मी विचारतोय फक्त. मी लहान असताना त्या झाडावर चार-पाच चिंध्या असायच्या. मला डांग्या खोकला झाला तेव्हा आईनं मला तिथं नेलं. माझी बंडी फाडली, पट्टी भिजवली, बांधली. येताना मागं वळून बघू नकोस म्हणाली. का, ते नाही सांगितलं."

"बघ," रोवन म्हणाली, "म्हणजे जुनंच आहे."

"माझ्या आईइतकं जुनं आहे, एवढं मला ठाऊक. तिला तिच्या आईनं सांगितलं असेल. त्याच्या पलीकडे धुकं आहे, पोरी. आणि माझी आई दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची. तिला कुणी जुन्या धर्माची म्हटलं असतं, तर तिनं त्याला लाटण्यानं हाणलं असतं."

मोर्वेनाच्या हातातलं लव्हाळं थांबलं. "आजोबा, तुमची बंडी कशाची होती?"

"लोकरीची. मोठ्या भावाची उतरलेली."

"आणि पट्टीचं काय झालं?"

"काय होणार? कुजून गेली. नाताळपर्यंत गाठसुद्धा राहिली नसेल."

"आणि कुजणारच नाही असं कापड असलं तर?"

टेगननं मान वर केली नाही. "बाळ, कापडाला महत्त्व नसतं," ती म्हणाली. "मनातला भाव खरा."

"मग ही लव्हाळी सुरीनं का नाही कापायची?" मोर्वेनानं विचारलं. "हातानंच उपटायची, सुरी लागली तर चालत नाही, असं तूच म्हणालीस. मी दिवसभर चिखलात उपटत होते. तिथं भाव चालत नाही, आणि फितीला चालतो?"

रोवन म्हणाली, "अगं, ते वेगळं."

"कसं वेगळं?"

रोवननं विणलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. आजोबा मिशीत हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला आणि तो खोकला बराच वेळ थांबला नाही. टेगन उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मोर्वेना लव्हाळ्यांकडे बघत राहिली. प्रत्येक उबळ आपल्याच गाठीतून येते आहे, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी टेगन रोवनला सोडायला गेली, तेव्हा मोर्वेना आजोबांच्या पलंगावर जाऊन बसली. तिनं सगळं सांगून टाकलं: फ्रॉक, फीत, लेबल, रोजचं जाऊन बघणं. आजोबांनी उशीला टेकून सगळं ऐकलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "पिवळीच का?"

"ती सगळ्यांत चांगली होती."

आजोबांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. कथिलाच्या खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाचा तो हात होता, नखांच्या कडांना अजून निळसर रेघा होत्या. "हे बघ, माझ्या छातीत खाणीतली धूळ आहे. ती तू फीत बांधण्याच्या कितीतरी आधी बसली. फितीनं ती आणली नाही आणि फीत तिला अडवूनही ठेवत नाही."

"नक्की?"

"धुळीचं नक्की."

"आणि फितीचं?"

आजोबांनी छताकडे पाहिलं. खोटं बोलायला त्यांना आवडत नसे, मुलांशी तर नाहीच. "माझी आई देवाधर्माची बाई होती, आणि तिनं बंडी फाडली. म्हणजे तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. मला कुठून असणार? झाड कसं आहे?"

"फांदी सुजलीय. फितीच्या दोन्ही बाजूंनी. फीत सालीत रुतत चाललीय."

"हं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाले, "खुर्चीवर माझा तो शर्ट आहे, कोपरावर फाटलेला. तुझी आई कधीची फेकून देते म्हणतेय. घेऊन जा. सुती आहे."

"तुमचा विश्वास बसला?"

"शर्ट फाटलाय यावर बसलाय."

सणाच्या दिवशी दुपारी आई आणि मुलगी पायवाट उतरत होत्या. टेगनच्या अंगावर पांढरा झगा, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मोर्वेनाच्या कोटाच्या एका खिशात शर्टाची पट्टी होती आणि दुसऱ्या खिशात शिवणाची कात्री. कात्रीचं टोक दर पावलाला मांडीला टोचत होतं.

"आई, हे हजारो वर्षांचं आहे असं तुला कुणी सांगितलं?"

टेगननं एक डबकं ओलांडलं. "कुणी नाही," ती म्हणाली. "मला तसं वाटायला आवडतं. मी उभी असते तिथं माझ्याआधी खूप बायका उभ्या होत्या, मी एकटी नाही, असं वाटतं. ते खरं नसलं तर मला फार थंडी वाजेल, बाळ."

मोर्वेनाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिनं आईच्या झग्याचा काठ उचलून धरला, तो चिखलात लोळू नये म्हणून.

विहिरीजवळ मंडळाच्या बायका जमल्या होत्या. पलीकडे दोन बाया आणि एक म्हातारा गृहस्थ झाडं छाटायच्या कात्र्या घेऊन, टोप्या हातात धरून, लग्नघरी चुकून आल्यासारखे उभे होते. म्हातारा हळूच म्हणाला, "तुमचं आटपू द्या, आम्ही थांबतो. पण बाई, वरच्या फांद्या गेल्या आहेत. फिती आवळल्यात, रस वर चढत नाही. या वसंतात पालवी फुटेल की नाही, सांगता येत नाही."

सगळ्यांनी टेगनकडे पाहिलं. टेगन झाडाजवळ गेली. तिथं एका फांदीवर हिरव्या फितींची ओळच होती, एकीला लागून एक, जुन्या आणि नव्या, सगळ्या एकाच हातानं मारलेल्या गाठींच्या. मोर्वेनानं त्या कितीदा पाहिल्या होत्या. पण आता आईचा हात त्यांच्यावर ठेवलेला पाहिला आणि तिला एकदम कळलं. आईच्या झग्याच्या कमरेला तशीच हिरवी फीत होती.

"या तुझ्या आहेत," ती म्हणाली. "आजोबांसाठी."

"खोकला वाढला की एक," टेगन म्हणाली. आवाज इतका लहान झाला होता की रोवनला पुढे वाकावं लागलं. "मला माहीत आहे या कुजणार नाहीत. मला कळत नाही का? पण कापायची म्हटलं की हात उचलवत नाही. समजा मी कापली आणि त्याच दिवशी बाबा…"

वारा सुटला. साऱ्या चिंध्या फडफडल्या. छाटणीवाले जमिनीकडे बघू लागले. नेम काय म्हणतो, हे सगळ्यांना पाठ होतं, आणि तो मोडायला कुणीही पुढे येत नव्हतं.

मोर्वेनानं खिशात हात घातला. ती पिवळ्या फितीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि कात्रीचं टोक साल आणि फीत यांच्यामध्ये सरकवलं. फीत रुतली होती, सहज निघेना. "मोर्वेना, नको," आई म्हणाली. तेवढ्यात कात्री मिटली आणि फीत तिच्या तळहातावर आली. फांदीवर गोल, ओला, खोल वळ उरला होता.

ती श्वास रोखून उभी राहिली. आता येईल. आता छातीत काहीतरी उतरेल. घशात खवखवलं, खरंच खवखवलं, आणि ती खोकली. आईनं तिच्याकडे धाव घेतली. मोर्वेनानं हात उंच करून तिला थांबवलं आणि वाट पाहिली. दुसरा खोकला आला नाही. येणार नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं. उद्या येईल, रात्री येईल, कुणास ठाऊक.

तिनं पिवळी फीत खिशात कोंबली. शर्टाची पट्टी काढली, विहिरीत बुडवली आणि त्याच फांदीला, वळापासून दूर, बांधली. गाठ सैल ठेवली, आत आपलं बोट जाईल इतकी. बोट घालून पाहिलं. मग ती आईच्या फांदीकडे वळली, पहिल्या हिरव्या फितीखाली कात्रीचं टोक घातलं, आणि दुसरा हात मागे, आईपुढे केला. आईनं तो धरला तेव्हा मोर्वेनानं कात्री मिटली.