मागच्या काचेवरचा गळका

मी लूव्हर बोलतोय. ओळख पटली नाही ना? पटणारच नाही. मोटारीच्या मागच्या दारापलीकडे एक छोटी तिकोनी काच असते. तिच्यावर बाहेरून तिरक्या पट्ट्यांची काळी झडप बसवलेली तुम्ही कधीतरी पाहिली असेल आणि "हे कशाला लावतात?" असं म्हणून पुढे गेला असाल. ते "हे" म्हणजे मी.

माझा जन्म एका साच्यात झाला. वितळलेलं काळं प्लॅस्टिक आत गेलं, दीड मिनिटात मी पाच पट्ट्या घेऊन बाहेर पडलो. माझ्यासोबत माझा जुळा भाऊही. मी डाव्या बाजूचा, तो उजव्या. आम्हाला ज्या खोक्यात भरलं त्यावर एका लाल, बसक्या, भरधाव मोटारीचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की आमच्यामुळे वारा कापला जातो आणि गाडी हलकी पळते. मी ते वाचलं आणि खरं मानलं. त्यानंतर पुढचं दीड वर्ष मी मोटारीच्या सामानाच्या एका दुकानात, फडताळावर, स्टिअरिंगची कव्हरं आणि मान हलवणारी प्लॅस्टिकची कुत्री यांच्या मधोमध पडून होतो, तेव्हाही डोक्यातली हवा काही गेली नाही. कुत्री विकली जात होती. मी नाही.

मग एक दिवस एक चष्मेवाला आला, चष्म्यांच्या दुकानाचा मालक. वय पन्नाशीच्या पुढचं, शर्टाच्या खिशात छोटे स्क्रूड्रायव्हर, स्वतःचा चष्मा मात्र कपाळावर सरकवलेला. त्याने खोकं हातात घेतलं. मी पट्ट्या ताणून बसलो. आता हा वेगाबद्दल विचारणार.

"याने ऊन अडेल का हो?" त्याने दुकानदाराला विचारलं.

"ऊन? अडेल की," दुकानदार म्हणाला. दीड वर्षात माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मला पडदा म्हणून विचारलं असतं तरी तो "हो" म्हणाला असता.

गाडी पाहिली आणि माझा उरलासुरला ताठा उतरला. अकरा वर्षांची, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची, चाळिसाच्या वर गेली की खोकणारी. तिच्यावर मी वारा कापणार होतो.

पण मला कशासाठी आणलंय ते मला लवकरच कळलं. चष्मेवाल्याची थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची. घरात सगळे तिला ताई म्हणत, ती त्याला धाकट्या म्हणे. तिने सारं आयुष्य एका छापखान्यात पुस्तकांची बांधणी केली होती. आता तिची मूत्रपिंडं थकली होती. दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तिला दवाखान्यात नेऊन चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडावं लागायचं. तिथून परत येताना ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी मागच्या सीटच्या कोपऱ्यात डोकं टेकून पडायची, आणि नेमकं त्याच कोपऱ्यात दुपारचं ऊन घुसायचं. दाराच्या काचेत टॉवेल अडकवता येतो, काच वर केली की तो घट्ट धरला जातो. तिकोनी काच उघडतच नाही, तिच्यात काय अडकवणार?

"सुयांचं काही वाटत नाही रे," ताई एकदा म्हणाली होती. "पण हे ऊन डोळ्यांत शिरलं की वाटतं, पुन्हा यायलाच नको."

तेवढं वाक्य ऐकून चष्मेवाल्याने मला आणलं होतं.

रविवारी सकाळी त्याने मला बसवलं. चष्मे पुसायच्या मऊ कापडाने काच पुसली. मोजपट्टी लावून तीन वेळा मोजलं. दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने मला दाबून धरलं आणि मग फटी बुजवायच्या सीलंटची ट्यूब घेऊन कडेने फिरवू लागला. माझ्यासोबत आलेल्या कागदावर ठळक लिहिलं होतं की खालची कड मोकळी ठेवा. त्याने ते वाचलं. वाचून मान हलवली.

"छापताना चुकलं असणार," तो बायकोला म्हणाला. "फट कशी ठेवायची? काच आणि फ्रेममध्ये केसभर फट राहिली तरी माझं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं."

"तुम्हाला कागदापेक्षा जास्त कळतं, ते माहीत आहे मला," बायको म्हणाली. तिने लांब उभं राहून गाडीकडे पाहिलं. "छान दिसतंय. माशाला कल्ले फुटलेत."

तेव्हापासून त्या घरात आम्हा दोघा भावांना कल्लेच म्हणतात. असो. चष्मेवाल्याने मला चारही बाजूंनी असं बंद केलं की मुंगी आत गेली असती तर तिचा मुक्काम कायमचा झाला असता.

पहिले काही आठवडे माझे सुखाचे होते, हे कबूल करतो. मंगळवारी परत येताना ताईने कोपऱ्यात डोकं टेकलं. माझ्या पट्ट्यांच्या सावल्या तिच्या गालावर पडल्या आणि ती झोपली. घर आलं तरी चष्मेवाल्याने तिला उठवलं नाही, गाडी उभी करून वीस मिनिटं नुसता बसून राहिला. वाऱ्याचं नंतर बघू, असं मी त्या दिवशी ठरवलं. सावली पाडणं हेही काही कमी काम नव्हतं, आणि ते मला येत होतं.

मग पाऊस झाला, आणि माझी सगळी लायकी बाहेर आली.

पट्ट्यांच्या फटींतून पाणी आत येणार, ते यायचंच असतं. ते खालून निघून जायला हवं. पण माझ्या खाली तर सीलंटचा बांध. काचेच्या आणि माझ्या मधे पाणी साचलं. त्यात एक मेलेला पतंग तरंगायला लागला. अकरा वर्षांचं काचेचं रबर किती दम धरणार? पाणी थेंबथेंब आत झिरपलं आणि थेट ताईच्या खांद्यावर पडू लागलं. पलीकडचा माझा भाऊही असाच गळत होता, पण त्याच्या बाजूला कुणी बसत नव्हतं, म्हणून त्याचं नाव आजवर चांगलं आहे.

टॉवेल दाराच्या काचेतून काढून तिने खांद्यावर घेतला. ओली सीट चष्मेवाल्याच्या हाताला लागली ती चार दिवसांनी, आणि त्याला वाटलं, कुठेतरी फट राहिली असणार. त्याने दुसरा थर चढवला. पुन्हा गळलो. तिसरा चढवला. काळं सीलंट संपलं तेव्हा पांढरं वापरलं. दात घासता घासता कुणी तोंड न धुताच रस्त्यावर यावं, तसा मी दिसायला लागलो. तो जितकं बंद करत होता तितकं मी जास्त पाणी साठवत होतो. मला बोलता येत असतं तर एका वाक्यात भांडण मिटलं असतं.

ओल्या सीटमुळे ताईला खोकला लागला. दवाखान्यात डॉक्टर रागावले. त्या गुरुवारी परत येताना तिने कोपऱ्यात डोकं टेकलं. मग म्हणाली, "धाकट्या, शनिवारचं शेवटचं. त्यानंतर मला नेऊ नकोस."

गाडी चालत राहिली. चष्मेवाल्याने एका चौकात विनाकारण हॉर्न वाजवला.

"यंत्रावर जाणं थांबवलं तर दहा-बारा दिवस, असं डॉक्टर म्हणालेत," तो म्हणाला. "तुझ्यासमोर म्हणालेत."

"ऐकलंय मी. कान ठीक आहेत माझे."

"सीट ओली होते म्हणून म्हणतेस ना? मी ते लूव्हर उपटून टाकतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. दमलेल्या माणसाला जे कारण हाताशी मिळालं ते घेतल्यासारखी ती म्हणाली, "हो. ओल्या सीटचाच कंटाळा आलाय."

ते खरं नव्हतं. तिला कंटाळा आला होता तो सगळ्याचाच. पण चष्मेवाल्याने तेवढंच धरून ठेवलं, कारण ओली सीट त्याला दुरुस्त करता येण्यासारखी होती. मी तर गारच पडलो. मी स्वतःला फार मोठा समजत आलो होतो, पण कुणाचं जगणं-मरणं माझ्यावर घातलं जाईल एवढा मोठा मला व्हायचं नव्हतं.

शनिवार झाला. रविवारी सकाळी चष्मेवाला मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि मला काचेपासून ओरबाडू लागला. ताई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तिने थोडा वेळ सहन केलं.

"ठेव तो स्क्रूड्रायव्हर," ती शेवटी म्हणाली. "काच फोडशील. चिकटवलेलं असं काढतात होय? जाड दोरा आण. आणि तुझ्या बायकोचा केस वाळवायचा ड्रायर."

"टाकूनच द्यायचंय ना, ताई."

"द्यायचं की नाही ते मग बघू. काढायचं ते नीट काढ."

ड्रायरने मला ऊब दिली. टेप नरम पडला. मग माझ्यामागून दोरा घालून चष्मेवाल्याने तो करवतीसारखा मागेपुढे ओढला, तिने सांगितला तसा, घाई न करता. खालचा बांध सुटला तसं आतलं पाणी भसकन त्याच्या पायांवर आलं, पतंगासकट.

ताई हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी ती हसल्याचं मी ऐकलं. "याचं आणि माझं दुखणं एकच आहे की रे," ती आपल्या सुजलेल्या पावलांकडे बघत म्हणाली. "आत येतंय, बाहेर जायला वाट नाही."

चष्मेवाला हसला नाही. ओल्या चपलांत तो तसाच उभा राहिला. मग खाली बसून मला पुसायला लागला, आणि पुसता पुसता दोनदा चष्मा काढून डोळेही पुसले.

"रडणं झालं असेल तर ते इकडे दे," ताई म्हणाली आणि मला मांडीवर घेतलं.

चाळीस वर्षं खळ आणि सरस हाताळलेले हात मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवले. जुना गोंद तिने अंगठ्याने घासून, गोळ्या करून काढला. राहिलेला स्पिरिटने. कुठेही घाण राहिली नाही हे बोट फिरवून पाहिलं. "जुन्यावर नवं चढवत बसलास, म्हणून एकही धरत नव्हतं," ती म्हणाली. चष्मेवाला शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. तिने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी काचेच्या रबराची कड सीलंटने भरली. मग वर आणि दोन्ही बाजूंना नवा टेप, त्यावर बारीक धार, ती ओल्या बोटाने सारखी केलेली. खाली काही नाही.

"फट राहतेय, ताई."

"राहू दे."

"धूळ जाईल."

"जाऊ दे. धुळीने कुणी मरत नाही." तिने मला तळहाताने दाबून धरलं. ती पुरती दोन मिनिटं दाबून उभी राहिली आणि मग धापा टाकत खुर्चीत बसली. तिच्या हुकमावरून माझ्या भावाचीही तीच दुरुस्ती झाली, पण त्याला चष्मेवाल्यानेच बसवलं.

मंगळवारी सकाळी चष्मेवाला एकटाच खाली आला. दुकानाची किल्ली हातात होती. त्याने गाडी सुरू केली, पण तो निघेना. तेवढ्यात मागचं दार उघडलं. ताई होती, दवाखान्याची पिशवी घेऊन.

"गळतंय की नाही ते बघायला नको?" ती म्हणाली. "एवढी मेहनत घेतली."

"पाइप लावून बघितलं असतं," तो म्हणाला आणि लगेच स्वतःची जीभ चावली.

"पाइपचं पाणी वेगळं. चालत्या गाडीवर पाऊस पडेल तेव्हा खरं कळेल. चल."

तो मंगळवार धरून नऊ खेपा झाल्या आणि पाऊस काही पडला नाही. दर खेपेला ताई आभाळाकडे बघून "आज काही कळणार नाही" असं म्हणायची, आणि चष्मेवाला "नाही कळणार" म्हणून गाडी सुरू करायचा. आभाळ स्वच्छ दिसलं की त्याचा चेहरा उजळायचा. अशा माणसाला शेजारी काय म्हणत असतील कोण जाणे.

दहाव्या खेपेला, परत येताना, धो धो पाऊस आला.

आयुष्यात पहिल्यांदा मी माझं काम चोख केलं. पाणी पट्ट्यांतून आत आलं, काचेवरून उतरलं, खालच्या मोकळ्या कडेतून निघून दारावर ओघळलं. एक थेंब थांबला नाही. मी पट्ट्या ताणल्या. आता माझी अब्रू परत मिळणार होती.

सिग्नल लागला. चष्मेवाल्याने आरशातून पाहिलं. "गळतंय का गं?"

ताईने सीटवर हात ठेवला. माझ्याखाली, कोपऱ्यात, खांद्याच्या जागी. तिचा तळहात कोरडा होता. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"किंचित ओलसर लागतंय," ती म्हणाली.

चष्मेवाला मागे वळला आणि हात लांब करून त्याच जागी ठेवला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने हात तिथेच राहू दिला.

"हो," तो म्हणाला. "आहे थोडं. अजून एकदा बघावं लागेल."

"गुरुवारी बघू," ताई म्हणाली आणि डोळे मिटून कोपऱ्यात डोकं टेकलं.

या गोष्टीला आता पाच महिने होतील. मी अजून त्याच काचेवर आहे. चष्मेवाल्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमच्या गाडीचे कल्ले एक नंबरचे गळके, आणि मी ऐकून घेतो. मी गळत नाही, हे तुम्हाला म्हणून सांगितलं. पण तुमची त्या दोघांशी कधी गाठ पडलीच तर एवढं करा, माझी बाजू घेऊ नका. मी गळतोच म्हणून सांगा.