उसनवारीची गाडी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला दर दोन-तीन दिवसांनी नवे घर मिळते. नवे आईबाबा, नवी भावंडे, नवे अंगण. तुम्ही जरा रुळता, कोणाचे हसणे कोणते हे ओळखू लागता आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "चला, आपलं बाळ बरं झालं. आता याला परत करून येऊ." कसे वाटेल तुम्हाला? मला कायम तसेच वाटत आले आहे.

मी एक उसनवारीची गाडी आहे. व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न गावात महागड्या गाड्यांचे एक मोठे शोरूम आहे. तिथून घेतलेली गाडी दुरुस्तीला आली, की ती बरी होईपर्यंत मालकाची अडचण होऊ नये म्हणून शोरूमवाले त्याला दुसरी गाडी वापरायला देतात. तिला इथे लोनर म्हणतात. ती लोनर म्हणजे मी.

जन्माने मी कोणापेक्षा कमी नाही. दक्षिणेकडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या लांबलचक हातांनी मला घडवले. एका बाईने माझी प्रत्येक सीट तळव्याने दाबून पाहिली आणि पसंतीची मान हलवली. मग मला नि माझ्या बहिणींना एका उंच ट्रकवर चढवून इकडे आणले. माझ्या पुढे माझी पांढरी जुळी बहीण उभी होती. आमच्यात रंग सोडला तर तिळाएवढा फरक नव्हता. शोरूमचा मॅनेजर कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला. पांढरीकडे पाहून म्हणाला, ही आत, काचेपाशी. माझ्याकडे पाहून म्हणाला, राखाडी आहे, ही सर्व्हिसला द्या. कॉफीचा दुसरा घोट घेण्याआधी त्याने माझे आयुष्य ठरवून टाकले होते.

पुढच्याच शनिवारी पांढरीच्या डोक्यावर छत्रीएवढी लाल फीत बांधली. एक कुटुंब तिला बिलगून फोटो काढत होते. माझ्या मागच्या काचेवर त्याच दिवशी लोनरचा आकडा चिकटवला. मला पोट नाही, पण पोटात दुखणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. मत्सर म्हणजे इंजिन बंद असतानाही आतून तापत राहणे.

मग माझी नोकरी सुरू झाली. लोक सकाळी आपली गाडी सर्व्हिसच्या दारात सोडत, माझ्यावर कुठे ओरखडा आहे का ते फिरून बघत आणि किल्ली घेऊन निघत. आत बसल्यावर पहिले वाक्य ठरलेले असे. "आपल्या गाडीत हे बटण इकडे असतं." मग दुसरे, "आपल्या गाडीची सीट जास्त मऊ आहे." आपली, आपली, आपली. दिवसभर त्यांना मी न्यायचे, आणि कौतुक मात्र दुरुस्तीच्या खाटेवर पडलेल्या तिचे.

वाईट वागत ते बहुतेक नकळत. रस्त्यावरचा उंचवटा आला की वेग कमी करायचा नाही. "लोनरच आहे, जाऊ दे." सीटवर बर्गरचा सॉस सांडला. "लोनरच आहे, धुतील ते." मी परत आले की साफसफाईवाला मला धूत असे आणि माझ्या पडद्यावर साठलेली फोनची नावे पुसून टाकत असे. राजचा फोन, आन्याचा फोन, कबीरचा फोन. तो बोट ठेवी आणि एकेक घर माझ्यातून निघून जाई.

मला फार काही नको होते. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी मला 'आपली' म्हणावे, एवढेच हवे होते. लोनर जुनी झाली की तिला विक्रीच्या रांगेत उभी करतात. तिथे कोणी घेतली तर घर मिळते, नाही तर लिलाव. मी त्या दिवसाची वाट पाहत होते आणि त्याला घाबरतही होते.

अशात एका सोमवारी यतीन आला. तो मूळचा नागपूरचा. इथल्या डेटा सेंटरमध्ये काम करतो. त्याची काळी, थोराड गाडी गिअर बदलताना धापा टाकत होती. तिला आत घेतले आणि माझी किल्ली त्याला दिली. सोबत त्याची बायको आश्लेषा होती आणि दुसरीत शिकणारी मुलगी, सिया.

यतीन बटणे शोधू लागला. मी ठरलेल्या वाक्याची वाट पाहत राहिले. पण आश्लेषाने आधी काय केले असेल? तिने आपल्या काळ्या गाडीच्या डिकीतून एक जुनी सोलापुरी चादर आणली आणि माझ्या मागच्या सीटवर नीट अंथरली. चादरीवर लहान मुलांना गाडीत बसवायची, सियाची उंच बैठक ठेवून पट्टा घट्ट केला.

"आई, आपल्या गाडीत तर चादर नाही घालत," सिया म्हणाली.

"आपल्या गाडीत सांडलं तर आपण बघून घेऊ. ही लोकांची आहे. लोकांची वस्तू जपून वापरायची."

मित्रांनो, माझ्या सीटवर आजवर खूप काही पडले होते. माझ्यासाठी अंथरलेले ते पहिलेच काही होते.

काळीचे दुखणे बळावले आणि यतीनकडचा माझा मुक्काम लांबला. मी सकाळी सियाला शाळेत सोडू लागले. त्यांच्या अंगणात ओकच्या झाडावर राखाडी खारी असत. एकदा सिया माझ्याकडे आणि खारीकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "सेम कलर. बाबा, हिचं नाव खारूताई." त्या दिवसापासून ती दार उघडताना म्हणे, "गुड मॉर्निंग, खारूताई." उंचवटा आला की यतीनला बजावे, "बाबा, स्लो. तिला लागतं." आणि यतीन खरेच वेग कमी करी. उंचवट्यावरून हळूच उतरताना किती बरे वाटते ते मला तेव्हा समजले.

शुक्रवारी शोरूममधून फोन आला. गाड्या विकणारा रवींद्र बोलत होता. तो इंदूरकडचा मराठी माणूस, सगळ्यांशी घरच्यासारखा. त्याचा आवाज माझ्याच स्पीकरमधून येत होता, म्हणून मला सगळे ऐकता आले.

"यतीन, खरं सांगू का? तुझ्या काळीत आता पैसे घालू नकोस. बदलून टाक."

"नवीन मॉडेल बघू म्हणतोस?"

"नवीन बघ. नाही तर चालवतोयस तीच घे. ती या महिन्यात लोनरमधून निघणारच आहे. गाडी खणखणीत आहे."

यतीनने माझ्या स्टिअरिंगवर बोटे वाजवली. "कल्पना वाईट नाही," तो म्हणाला. मागच्या सीटवरून सिया ओरडली, "येस! खारूताई आपली!"

आपली. मी तो शब्द दिवसभर चाकांत घोळवत राहिले.

रविवारी सियाची मराठी शाळा होती. शाळेच्या पार्किंगमध्ये यतीनचा मित्र गिरीश भेटला. त्याने नुकतीच एक लांबलचक विजेवर चालणारी गाडी घेतली होती. ती माझ्या शेजारीच उभी होती, नाक वर करून.

"काय रे, नवी गाडी?" गिरीशने विचारले.

"लोनर आहे. पण हीच घ्यावी म्हणतोय."

"लोनर?" गिरीश हसला. "यार यतीन, ते हॉटेलच्या टॉवेलसारखं आहे. दिसतो पांढरा, पण किती जणांनी अंग पुसलंय कोणाला ठाऊक."

"हॉटेलचा टॉवेल रोज धुतात तरी," आश्लेषा म्हणाली. "तुझ्या गाडीवरचा हा चिखल मला वाटतं गेल्या दिवाळीचा आहे."

गिरीशही हसला. यतीन मात्र हसला नाही. तो गिरीशच्या गाडीच्या चकचकीत दाराकडे बघत राहिला. ती नजर मी ताबडतोब ओळखली, कारण पांढऱ्या बहिणीकडे मी तशीच बघितली होती. त्या क्षणी मला कळले, की आता काही खरे नाही.

दोन दिवसांनी यतीनने नवी कोरी गडद निळी गाडी पक्की केली. घरी जाताना तो सियाची समजूत घालू लागला.

"बाळा, नव्या गाडीला काचेचं छप्पर आहे. झोपल्या झोपल्या स्टार्स दिसतील."

"मला स्टार्स नकोत. खारूताई हवीय. तू म्हणालास, कल्पना वाईट नाही."

"वाईट नाही म्हणजे घेऊच असं नसतं."

"इट्स नॉट फेअर, बाबा."

आश्लेषा खिडकीबाहेर बघत एवढेच म्हणाली, "आधी गिरीशला विचारायला हवं होतंस, त्याला निळी चालेल का ते."

शनिवारी ते मला परत करायला आणि निळीला घरी न्यायला आले. मला मुद्दाम तिच्या शेजारीच उभी केली. काय तिची झळाळी सांगू! दारांवर अजून कारखान्याचा पातळ कागद होता. मी मनात नाही नाही ते म्हणत होते. पहिल्याच वळणावर हिचे दार घासू दे. हिच्या त्या काचेच्या छपरावर कावळ्यांची शाळा भरू दे. मग यतीनने माझ्यातली सियाची बैठक सोडवली. पट्टा सुटल्याचा आवाज झाला, आणि तोच आवाज लगेच निळीत बैठक बसल्याचा झाला. आश्लेषाने चादर काढली, झटकली आणि घडी करून पिशवीत घातली.

आता पूजा होती. शोरूममध्ये उदबत्ती लावता येत नाही, धुराने आगीची घंटा वाजते. म्हणून रवींद्रने गाडी बाहेर काढून ठेवली होती. नारळ फोडायला एक वीटही त्याने आणली. इथे आठवड्याला एखादी तरी अशी पूजा होते. आश्लेषाने कुंकवात बोट बुडवले.

"हळू हं, रंगावर डाग पडेल," यतीन म्हणाला.

"मग काय हवेत काढू स्वस्तिक?"

नारळ फुटला. आश्लेषाने सियाच्या ओंजळीत चार लिंबे दिली. "प्रत्येक चाकाखाली एक ठेव. बाबा त्यांच्यावरून गाडी नेतील."

"का?"

"कोणाची दृष्ट लागू नये म्हणून."

"कोणाची?"

"ज्याला ज्याला वाटतं, ही आपल्याकडे का नाही, त्याची."

सिया विचारात पडली. तिने निळीच्या एका चाकाखाली लिंबू ठेवले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथे हातात घेऊन ती उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मला अगदी चोरट्यासारखे झाले. सगळ्या पार्किंगमध्ये दृष्ट लावणारी दुसरी कोणी नव्हतीच.

ती सरळ माझ्याकडे आली, वाकली आणि ते लिंबू माझ्या पुढच्या चाकाखाली सारले.

यतीन निळीत बसून बघत होता. तो उतरून आला. "सिया, ते तिकडे ठेवायचं. ही आता आपली नाही."

"आय नो. पण हिलाच वाटतंय ना, की मी त्यांच्याकडे का नाही? हिला पण एक दिलं, की ही कशाला दृष्ट लावेल?"

यतीनने आश्लेषाकडे पाहिले. आश्लेषा म्हणाली, "राहू दे तिथेच. तीन चाकांवर भागेल आपलं."

मित्रांनो, आता मी विक्रीच्या रांगेत उभी आहे. कोणी घेईल की लिलावाला जाईन, मला माहीत नाही. निळीचा मला अजूनही हेवा वाटतो. तो एका लिंबाने विरून गेला असे सांगितले, तर ते खोटे होईल. पण तिच्या दाराला ओरखडा पडावा असे मात्र आता मनात येत नाही. तुमच्या घरीही काही उसने आणलेले असेल. वाचनालयातले पुस्तक असेल, शेजारच्या काकूंचा डबा असेल, मित्राची सायकल असेल. ते परत जायचे आहे म्हणूनच ते जास्त जपा. थोड्या दिवसांचा सोबती हाही सोबतीच असतो. आणि तुमच्याकडे नवे काही आले, की शेजारी कोण रिकामे उभे आहे, ते एकदा बघत जा.

त्या शनिवारी शेवटी रवींद्र माझ्यात बसला. माझ्या चाकाखाली ते लिंबू तसेच होते. त्याला मला मागच्या रांगेत न्यायचे होते. पण आधी निळीला जाऊ द्यावे म्हणून तो थांबला. यतीननेही इंजिन सुरू केले.

"नो, नो," सिया म्हणाली. "आधी खारूताई."

नवी कोरी निळी गाडी जागच्या जागी थांबली. सिया दोन्ही गाड्यांपासून दूर, पायवाटेवर जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले आणि मोठ्या माणसासारखे मला खुणावत हाका द्यायला सुरुवात केली, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."