दोन सूत

"दोन सूत, म्हणजे पाव इंच जास्त आहे. वर एक, खाली एक," सेक्रेटरी कर्णिकांनी शिडीवरूनच निकाल दिला आणि भिंतीवर रंगवलेल्या 'ओ' अक्षरावरची फूटपट्टी काढली.

नेरूळच्या ऑर्किड सोसायटीत ऑर्किड एकही नव्हतं, म्हणून चौदाही बिल्डिंगांवर नाव इंग्रजीत मोठं लिहायचं ठरलं होतं. नमुना कर्णिकांनी एका परदेशी कॅलेंडरमधून आणला होता. अक्षरांना ना डोकं ना शेपूट, जाडी सगळीकडे एकसारखी, ओ म्हणजे कंपासातून पडलेला गोल. शहाजी पेंटर वीस वर्षं कळंबोलीत ट्रक रंगवत आलेला. ट्रकच्या नंबरालाही तो सावली आणि फुलं द्यायचा. या अक्षरांची त्याला आधी कीव आली. मग ती आवडायला लागली. त्यांना लपायला जागाच नव्हती. चूक झाली की ती चौकात उभी.

पहिली बिल्डिंग पास झाली तर बाकीच्या तेरा त्याच्या. नाहीतर वाशीच्या दुकानातून कॉम्प्युटरवर कापलेले स्टिकर. कळंबोलीत ट्रकही आता स्टिकर लावूनच यायला लागले होते.

शहाजीनं समजावून पाहिलं. एच दोन्ही पाय रोवून रेषेवर उभा असतो, ओ नुसता टेकतो. त्याला रेषेच्या किंचित बाहेर काढला नाही, तर तो लहान दिसतो.

"म्हणजे पट्टी खोटं बोलते?" कर्णिक म्हणाले.

"पट्टी खरंच बोलती, सायेब. पर नाव पट्टीनं वाचत न्हाईत, डोळ्यानं वाचत्यात."

पट्टी जिंकली. शहाजीनं ओ वर एक सूत, खाली एक सूत छाटला. दुसऱ्या दिवशी ओ तापातून उठल्यासारखा दिसत होता. कमिटीची मीटिंग झाली. 'ओ इतर अक्षरांएवढाच आहे' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन देणाऱ्या वैजयंतीबाईंनी खाली येऊन विचारलं, ओ एवढा बारीक का?

दोष अर्थातच पेंटरचा ठरला आणि वाशीहून स्टिकर आले. स्टिकरवाल्याकडे शिडी नव्हती, उंचीची भीती मात्र होती. म्हणून चिकटवायला शहाजीलाच बोलावलं. तो आला.

नव्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीवर त्यानं दोन रेषा आखल्या, एच लावला, मग ओ धरला. वर एक सूत बाहेर. खाली एक सूत. त्यानं अंगठ्याचं नख लावून पुन्हा पाहिलं.

"बघा," खालून कर्णिक म्हणाले, "याला म्हणतात परफेक्ट." पट्टी त्यांच्या खिशातच होती.

शहाजीनं स्टिकरवाल्याला विचारलं, "ह्ये कुणी काढलंय?"

"कुणी नाय. कॉम्प्युटरमध्ये असतंच ते."

"आसतंच कसं? कुणीतरी बसून काढलं आसंल की."

ओखाली हवेचा एक फुगा राहिला होता. शहाजीनं तो अंगठ्यानं कडेपर्यंत आणला, सावकाश, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसा, आणि बाहेर जाऊ दिला.